चाकावरील भाराचें जडत्व

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां ट्रॅक्टर व ट्रॉली आली आहे. ज्यांच्या दावणीला अजून बैलजोडी आहे त्यांपैकींहि बहुतेकांची गाडी रबरी चाकांची व लोखंडी आंसाची आहे. लांकडी आऱ्यांचीं आणि लोखंडी धावेचीं जुनीं चाकें आतां गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेलीं दिसतात, किंवा सडकेवरील उपाहारगृहांच्या दारांत शोभेकरितां रंगवून उभीं केलेलीं दिसतात. नवी गाडी जुनीपेक्षां 'हलकी चालते' असें सर्वत्र म्हणतात, आणि तें खरें आहे. परंतु गाडी हलकी चालते म्हणून तींतील ओझेंहि हलकें झालें, अशी जी समजूत या बोलण्याच्या पोटांत नकळत शिरते ती मात्र खोटी आहे. गळिताच्या हंगामांत उतारावर गुडघे फुटलेले बैल व वळणावर उलटलेल्या ट्रॉल्या यांच्या मुळाशीं पुष्कळदां हीच समजूत असते, असें आमचें मत आहे; आणि म्हणूनच हा विषय शाळेंतल्या पुस्तकांतला असला तरी या मासिकांत घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गाडी ओढतांना बैलांस दोन निरनिराळ्या गोष्टींशीं सामना करावा लागतो. एक घर्षण. तुंबा आंसावर घासतो, चाक मातींत रुततें, धाव दगडावर खडखडते. हा सर्व घर्षणाचा प्रकार. दुसरी गोष्ट जडत्व. पहिलीवर माणसानें उपाय शोधले आहेत: वंगण, छऱ्यांचें बेअरिंग, हवेनें भरलेलें रबर, डांबरी सडक. दुसरीवर उपाय नाहीं. दोन टन ऊंस वंगण घातल्यानें पावणेदोन टन होत नाहीं. शिवाय या दोहोंचा स्वभावहि वेगळा आहे. घर्षण प्रत्येक पावलाला आडवें येतें, म्हणून तें आपल्या ध्यानांत राहतें. जडत्व हें गाडी एका वेगानें सरळ चालली असतां मुळींच आडवें येत नाहीं. गाडी हलवितांना, थांबवितांना आणि वळवितांना तेवढेंच तें पुढें येतें. सपाट रस्त्यावर कोस दोन कोस त्याची आठवणहि होत नाहीं, आणि जेव्हां होते तेव्हां ती एकदम होते.

येथें शब्दाचाच थोडा घोंटाळा आहे, तो आधीं सोडविणें बरें. मराठींत 'जड' या शब्दाचे दोन अर्थ चालतात. धान्याचें पोतें जड आहे असें म्हणतों, तेव्हां तें उचलावयास कठीण असा अर्थ असतो. कीर्तनांत 'जड आणि चेतन' असें ऐकतों, तेव्हां ज्यास स्वतःची हालचाल नाहीं तें जड, असा अर्थ असतो. पदार्थविज्ञानांतील 'जडत्व' हा शब्द या दुसऱ्या अर्थाच्या घरचा आहे. जें स्वतःहून निघत नाहीं तें जड. आणि, येथें कीर्तनांतला अर्थ थोडा अपुरा पडतो, जें एकदां निघालें कीं स्वतःहून थांबतहि नाहीं तेंहि जडच. ज्याला इच्छाच नाहीं त्याला जशी निघण्याची इच्छा नाहीं तशी थांबण्याचीहि नाहीं. हा गुण पदार्थांत जितका अधिक तितकें त्याचें वस्तुमान अधिक. पृथ्वी त्या पदार्थाला खालीं ओढते तो ओढा म्हणजे त्याचें वजन. वजन व वस्तुमान हीं एकमेकांच्या प्रमाणांत असल्यामुळें काट्यावर एक मोजलें कीं दुसरें आपोआप कळतें, आणि म्हणूनच व्यवहारांत आपण दोहोंना एकच समजून बसतों.

दोन्ही वेगळीं आहेत हें ज्यास हातानें पाहावयाचें असेल त्यानें चिंचेच्या मजबूत फांदीला सारख्या लांबीचे दोन दोर बांधावे. एकाला ज्वारीनें भरलेलें पोतें टांगावें, दुसऱ्याला तेवढेंच पोतें भुशानें ठासून टांगावें. दोन्ही पोतीं जमिनीपासून अधांतरीं असावींत, म्हणजे उचलून धरण्याचें सर्व काम फांदीकडे गेलें. आतां तळहातानें आळीपाळीनें दोन्ही ढकलून पाहावींत. भुशाचें पोतें धक्क्यासरशीं दूर जातें. ज्वारीचें पोतें विचार करीत निघाल्यासारखें निघतें. तें परत येऊं लागलें म्हणजे त्याच तळहातानें अडवून पाहावें; मात्र मनगट सांभाळून. वजन तर फांदीनें पेललें आहे, दोराला घर्षण नाहीं म्हटलें तरी चालेल; मग हाताला जो विरोध झाला तो कशाचा? तोच जडत्वाचा. याच प्रयोगांत आणखी एक मौज दिसते. दोन्ही पोतीं सारखींच मागें ओढून एकदम सोडलीं तर दोन्ही बहुतेक बरोबरीनें झोके घेतात, थोडा फरक पडतो तो भुशाला हवा अधिक अडवते म्हणून. ज्वारीला खालीं ओढणारें वजन अधिक, परंतु हलविण्यास तिचा विरोधहि तितक्याच पटीनें अधिक. एकानें दिलें तें दुसऱ्यानें काढून घेतलें.

कोंकणांतील वाचकांस यासाठीं पोतीं टांगण्याची गरज नाहीं. मालानें भरलेला मचवा पाण्यानें उचलून धरलेला असतो. एक माणूस बांबू रोवून त्याला धक्क्यापासून दूर लोटूं शकतो. त्याला फक्त घाई करतां येत नाहीं. तोच मचवा अगदीं सावकाश धक्क्याकडे येत असतां मध्यें पाय घालून त्यास थोपवूं पाहणाऱ्याचा पाय चिरडतो. पाण्यानें वजन पेललें, जडत्व नाहीं पेललें. आणि ज्यांना याहून दूरचा दाखला हवा असेल त्यांनीं १९६९ ते १९७२ या काळांत चंद्रावर उतरलेल्या अमेरिकन प्रवाशांचीं चलच्चित्रें पाहावींत. तेथें त्यांचें वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतकें झालें होतें, परंतु वस्तुमान गुंजभरहि कमी झालेलें नव्हतें. म्हणून उड्या मारीत जाणें त्यांस सोपें आणि एकदम थांबणें वा वळणें कठीण जाई.

ही साधी दिसणारी गोष्ट उमगावयास माणसाला फार काळ लागला, आणि त्याचें कारण पाहूं गेल्यास बैलगाडीच आहे. बैल थांबले कीं गाडी थांबते, हा अनुभव हजारों वर्षांचा. ग्रीक तत्त्वज्ञ आरिस्टॉटल यानें इसवी सनापूर्वीं चवथ्या शतकांत तोच प्रमाण मानून, गतीला सतत कोणी तरी ढकलणारा हवा असें ठरविलें. आपल्याकडील वैशेषिक पंडितांनीं 'वेग' नांवाचा एक संस्कार मानून धनुष्यापासून सुटलेला बाण पुढें कां जातो याची उपपत्ति लाविली. ती आरिस्टॉटलपेक्षां सत्याच्या अधिक जवळ होती असें आम्हांस वाटतें, तथापि तो संस्कार म्हणजे बाणांत शिरलेली एक संपणारी शिदोरी आहे, अशीच त्यांची कल्पना होती. इटलींत गॅलिलिओनें लांकडी फळीला खोबण पाडून, तींत गुळगुळीत चर्मपत्र बसवून, तिच्या उतारावरून गोळे सोडले. त्याचा १६३८ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ या प्रयोगांसाठीं विख्यात आहे. एका उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ जितका सौम्य करावा तितका तो अधिक दूर जातो. मग चढ अजिबात काढून टाकला तर तो थांबावा कां? थांबवतें तें घर्षण, गोळ्याचा थकवा नव्हे. इंग्लंडांत न्यूटननें १६८७ सालीं हाच विचार गतीच्या पहिल्या नियमाच्या रूपानें मांडला. म्हणजे जुन्या गाडीच्या घर्षणानें आपल्या पूर्वजांना एक खोटा धडा शिकविला होता. नव्या गाडीनें घर्षण काढून घेतलें, पण धडा मात्र आपल्या डोक्यांत तोच राहिला आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. गाडी व ऊंस मिळून २,००० किलो धरावे. बैल चालतात तो वेग सेकंदाला सुमारें १ मीटर, म्हणजे ताशीं साडेतीन किलोमीटरांच्या आसपास. उभी गाडी एका सेकंदांत या वेगावर आणावयाची तर केवळ जडत्वासाठीं सुमारें २०० किलो वजनाइतका ओढा लागतो. त्याच कामाला ५ सेकंद घेतले तर ४० किलोंचा ओढा पुरतो. घर्षण व चढ यांचें देणें याहून निराळें. चांगल्या पोसलेल्या बैलाला दिवसभराच्या कामांत जो ओढा झेपतो तो त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मानतात. ४०० किलोंच्या दोन बैलांचा मिळून तो ८० किलो झाला. निघतांना चाबूक ओढून गाडीला हिसका मारणारा गाडीवान त्याच्या अडीच पट मागत असतो, आणि तेंहि उभ्या अंगानें. जुने जाणते गाडीवान आधीं बैलांना जुंवाखालीं मान देऊन भार घेऊं देत, स्वतः आऱ्यांना हात लावीत, आणि गाडी रांगूं लागली म्हणजे मगच वर चढत. रबरी चाकाला आरे राहिले नाहींत. त्याबरोबर ही रीतहि गेली, हें कांहीं चांगलें झालें नाहीं.

निघतांना बैलाला त्रास होतो, पण उतरतांना त्याच्या जिवावर बेततें. पक्क्या सडकेवर रबरी चाकाचें घर्षण भाराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाइतकें धरलें तर आपल्या २,००० किलोंस तें ४० किलो होतें. कच्च्या रस्त्यावर लांकडी चाकाचें घर्षण भाराच्या विसाव्या हिश्शाइतकें, म्हणजे १०० किलो, सहज भरे. आतां रस्ता २० फुटांस १ फूट असा उतरता आहे असें समजा. गाडीला खालीं खेचणारा ओढा १०० किलो झाला. जुन्या गाडीचें घर्षणच तो सगळा खाऊन टाकी. बैल नुसते पुढें चालत. नव्या गाडीचें घर्षण त्यांतले ४० किलो घेतें, आणि उरलेले ६० किलो बैलांना मागून रेटतात. जूं शिंगांकडे सरकतें, शिवळा मानेला घासतात, बैल मागच्या पायांवर भार टाकून रोखूं पाहतो आणि नाल मारलेले खूर डांबरावर घसरतात. त्यानें रोखलें नाहीं तर काय होईल? ६० किलोंचा हा ओढा दोन टनांच्या गाडीचा वेग दर दहा सेकंदांत ताशीं १० किलोमीटरांनीं वाढवितो. तिसाव्या सेकंदाला बैलांना जिवाच्या आकांतानें धांवावें लागतें, आणि त्यांतील एकाचा पाय चुकला कीं दोन टन ऊंस त्याच्या अंगावरून पुढें जातो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करून आपण त्या खांद्याचे उपकार मानतों, हें योग्यच आहे. गाडीवानाच्या हाताला येईल असा एक ब्रेक गाडीस बसविला तर त्या खांद्याला तें हळदीहून अधिक मानवेल. लोहारकामाच्या मानानें तो खर्च मोठा नव्हे. रबरी चाकाच्या गाडीला ब्रेक नसणें हें आमच्या मतें गाडीच अपुरी असणें होय.

ट्रॅक्टरवाल्यांनीं हें वाचून आपण यांतून सुटलों असें समजूं नये. त्यांचा हिशेब याहून भयंकर आहे. ट्रॅक्टर २ टनांचा, आणि मागें एकामागें एक जोडलेल्या दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून १६ टन, असे एकूण १८ टन धरूं. ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागील दोन चाकांनाच असतात. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहींत असें समजूं. ब्रेक कितीहि उत्तम असला तरी रस्ता त्या दोन चाकांना जितकें धरील तितकेंच बल मिळणार. कोरड्या सडकेवर तें १ टन वजनाइतकें धरलें, आणि चाकांच्या घर्षणाची वर सांगितलेल्या प्रमाणानें मदत जमेस धरली, तर पुढील गोष्टी निघतात. ताशीं २० किलोमीटर वेगानें चाललेला एकटा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यापासून ३ मीटरांत थांबतो. मागें ट्रॉल्या असतां तोच ट्रॅक्टर, त्याच वेगावरून, त्याच ब्रेकनें २१ मीटरांत थांबतो. वेग ताशीं ३० केला तर ४७ मीटर लागतात. कारण वेग दीडपट झाला कीं थांबण्याचें अंतर दीडपट होत नाहीं, दीडाची दीडपट होतें. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एक सेकंद जातो त्यांतलीं सहा ते आठ मीटर यांत धरलेलीं नाहींत.

हें झालें सपाट रस्त्याचें. वीस फुटांस एक फूट अशा उताराला हीच आगगाडी लागली कीं उतार ९०० किलोंनीं तिला खालीं ओढूं लागतो. ब्रेक व घर्षण मिळून आपल्यापाशीं होते १,३६०. हातांत उरले ४६०. आतां २० च्या वेगावरून थांबावयास ६२ मीटर व ३० च्या वेगावरून सुमारें १३९ मीटर हवेत. आमच्या घाटरस्त्यांवर विसांत एक हा कांहीं विशेष कडक उतार नव्हे. तेरा फुटांस एक फूट उतार झाला कीं उताराचा ओढा सर्व बळाहून अधिक होतो. तेथें चालकानें ब्रेकवर उभें राहिलें तरी गाडी थांबत नाहीं, वेग वाढतच जातो. पाऊस पडला, किंवा रस्त्यावर चिखल वा पाचट पसरलें, म्हणजे रस्त्याची पकड कमी होऊन सौम्य उतारावरहि हीच अवस्था येते. हे आंकडे आम्हीं हिशेबाकरितां धरलेले आहेत. प्रत्येकाचा ट्रॅक्टर व भार निराळा. परंतु आपला भार स्वतः मांडून कोणीहि हा हिशेब पाहावा, त्याचा रोख बदलणार नाहीं. चढावर ट्रॅक्टरनें १८ टन ओढले, तेव्हां तो ते रोखूंहि शकेल असें जें वाटतें तेंच खोटें आहे. ओढण्याचें काम इंजिन सावकाश, खालच्या गिअरांत, हवा तितका वेळ घेऊन करतें. थांबविण्यास तेवढा वेळ मिळत नाहीं.

याचसाठीं ज्या गिअरांत तो उतार चढलों असतों त्याच गिअरांत उतरावें, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वींच घालावा, असें जाणते चालक सांगतात. डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडणें ही काटकसर नव्हे. इंजिनाचा जो एक विश्वासू अटकाव होता तोच आपण सोडून देतों. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, ते शेतांत वळण्याच्या सोयीसाठीं. सडकेला लागतांच दोन्ही पट्टीनें एकत्र जोडले पाहिजेत. ते सुटे राहिले आणि घाईंत एकाच पायटीवर पाय पडला तर ट्रॅक्टरचें एक चाक अडतें, तोंड फिरतें, आणि मागील १६ टन मात्र पूर्वीच्याच दिशेनें सरळ चालू राहतात. जोडखिळ्यापाशीं ट्रॅक्टर आडवा ढकलला जाऊन उलटतो. चालकाची चूक एका पायाची, पण ती जडत्वाच्या हातीं सांपडली. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसविण्याच्या निरनिराळ्या सोयी आतां निघालेल्या आहेत. भाड्यानें ट्रॉल्या लावणारांनीं चकचकीत रंग, झालरी व मोठ्या आवाजाचीं गाण्याचीं यंत्रें यांवरील खर्चाआधीं त्यांचा भाव विचारावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ब्रेक लागतो तो चाकांना; मोळ्यांना नव्हे. चाकें थांबलीं म्हणून ट्रॉली थांबते, आणि ट्रॉलीला घट्ट बांधलेला ऊंस तिच्याबरोबर थांबतो. जो बांधलेला नाहीं त्याला थांबण्याचें कांहीं कारणच नाहीं. भारावर बसलेलीं माणसें हीं बांधलेलीं नसतात. ऊंसतोडीच्या टोळ्यांतील बायामुलें ट्रॉलीच्या भारावर, कोणी तर ट्रॅक्टर व ट्रॉली यांमधील दांडीवर बसून जातांना आपण पाहतों आणि पाहून न पाहिल्यासारखें करतों. तीं माणसें ट्रॉलीच्या वेगानेंच जात असतात. ट्रॉली अडली कीं तीं त्याच वेगानें पुढें जातात, आणि दांडीवरचा पडतो तो चाकाच्या पुढेंच पडतो. ऊंस ज्याचा, ट्रॉली ज्याच्या कामावर, त्यानें हें चालूं देऊं नये. माणसांसाठीं निराळें वाहन करण्याचा खर्च उंसाच्या वाहतुकीच्या खर्चांतच धरावयास हवा.

जडत्व नेहमीं वैरीच असतें असें मात्र नाहीं. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला म्हणजे आपण दांड्याचें बूड दगडावर आपटतों. दांडा थांबतो, लोखंड थांबत नाहीं, आणि पातें आपोआप घट्ट बसतें. एका सिलिंडरच्या तेलाच्या इंजिनांत दोन फेऱ्यांमागें एकदांच तेल पेटून जोर मिळतो. मधला सर्व वेळ जें जड चाक इंजिन फिरतें ठेवतें त्याची सगळी कमाई जडत्वाची आहे. कडबा कापण्याच्या यंत्राचें चाकहि याचसाठीं जड ओतलेलें असतें. परंतु वीज बंद केली म्हणजे यंत्र बंद झालें नाहीं, एवढें तेथेंहि विसरतां कामा नये. चाक पूर्ण उभें राहीपर्यंत त्यांत साठलेला वेग हात तोडण्यास पुरेसा असतो. १९८३ सालीं संसदेनें धोकादायक यंत्रांविषयीं जो कायदा केला त्यांत शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचाच मुख्यतः विचार आहे. पेंढी अडकली तर चाकाचे आरे स्वच्छ मोजतां येईपर्यंत तोंडाशीं हात नेऊं नये, आणि हें मजुरास सांगून भागत नाहीं, जवळ उभें राहून पाहावें लागतें.

शेवटीं पाण्याचें. पाणी वाहतें म्हणून त्याला जडत्व नाहीं असें कोणी म्हणत नाहीं, पण नळींतल्या पाण्याचें वस्तुमान कितीसें असणार, असें मात्र सर्वांस वाटतें. नदीवरून किंवा विहिरीवरून शेतापर्यंत १५० मिलिमीटर आंतील व्यासाची १,००० मीटर नळी टाकलेली आहे असें धरा. कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठच्या उपसा योजनांत याहून लांब नळ्या पुष्कळ आहेत. या नळींत सदैव सुमारें साडेसतरा टन पाणी असतें. म्हणजे वर सांगितलेली ट्रॅक्टरची दोन ट्रॉल्यांची आगगाडीच जमिनीखालून सेकंदाला एक मीटर वेगानें चाललेली असते. शेताच्या टोंकाची झडप कोणी फटकन् बंद केली, किंवा मध्येंच वीज गेली, म्हणजे या आगगाडीला अपघात होतो.

या धक्क्याचा हिशेब रशियांत मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यानें १८९८ सालीं बसविला. सेकंदाला एक मीटर वेगानें वाहणारें पाणी एकदम अडविलें तर पोलादी नळींत सुमारें १०० मीटर वा त्याहूनहि अधिक उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब उत्पन्न होतो. प्लॅस्टिकची पी.व्ही.सी. नळी थोडी ताणली जाते म्हणून तींत तो कमी, सुमारें ४० मीटर होतो. परंतु ती नळी चौरस सेंटीमीटरला ४ किलो दाबाची असली तर तिचा सगळा टिकाव ४० मीटरांचाच आहे, आणि पाणी २५ मीटर चढवावयाचें असेल तर पंपाजवळ तितका भार तिच्यावर आधींच असतो. मग नळी 'आपोआप' फुटली, किंवा दुकानदारानें हलका माल दिला, असें आपण म्हणतों. कांहीं वेळा तें खरेंहि असेल. पण पुष्कळदां नळीचा किंवा दुकानदाराचा कांहींच अपराध नसतो.

हा धक्का नळींतून लाटेसारखा पंपाकडे जातो व परत येतो. १,००० मीटर पी.व्ही.सी. नळींत त्या जाण्यायेण्यास सुमारें ५ सेकंद लागतात. तेवढ्यांत झडप पूर्ण मिटली तर पूर्ण दाब. त्याच्या कित्येक पट वेळ घेतला तर दाब तितका उतरतो. वीज जाते तेव्हां उलट प्रकार होतो. पंप थांबला तरी पाणी थोडें पुढें जातच राहतें, मागें नळींत पोकळी पडते, आणि मग सगळा स्तंभ माघारीं येऊन आदळतो. परतपाणी रोखणारी झडप खाडकन् मिटल्याचा जो आवाज विहिरीवर ऐकूं येतो तो हाच. उंच जागीं हवा आंत घेणारी व बाहेर सोडणारी झडप बसविली, आणि पंपाजवळची झडप स्तंभ परत फिरण्याआधींच मिटेल अशी निवडली, तर हा प्रकार पुष्कळ सौम्य होतो. याच आदळण्याचा उपयोग करून फ्रान्सांतील जोसेफ माँगोल्फिए यानें १७९६ सालीं विजेवांचून व इंधनावांचून पाणी चढविणारा पंप काढला. उतारावरून येणारें पुष्कळ पाणी एकाएकीं अडवून त्यांतील थोडें त्या धक्क्यानेंच वर फेंकावयाचें, ही त्याची युक्ति. डोंगरउतारावर बारमाही झरा असलेल्या आमच्या वाचकांनीं त्याची चौकशी करण्याजोगी आहे.

ज्यांच्या नळ्या लांब आहेत त्यांनीं टोंकाची झडप बंद करावयाचें काम मुलांकडे देऊं नये. चाकाची झडप सावकाश, निदान एक मिनिट घेऊन मिटवावी, आणि शेवटचे दोन फेरे सर्वांत हळू द्यावे, कारण नळींतील वेग बहुतेक त्या दोन फेऱ्यांतच तुटतो. एका झटक्यांत मिटणारी दांडीची झडप लांब नळीच्या टोंकाला बसवूंच नये. बसविली असेल तर पाटाच्या एका तोंडाचें पाणी दुसऱ्या तोंडाला फिरवितांना आधीं दुसरें तोंड पूर्ण उघडावें, आणि नंतर पहिलें मिटवावें.